एसटीने पाठवलेले पुस्तक

रजा मिळाली नाही, असे मी धाकट्या बहिणीला खोटेच कळवले होते. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात बुडाला, तेव्हा तिच्यासमोर बसण्याचे धैर्य मला झाले नाही. तळा गावच्या स्टँडवर, डिझेलच्या धुरात, मी मुरुडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दुःखातून सावरण्याविषयीचे एक पुस्तक दिले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी परतलो. आज त्या समाधानाचीच लाज वाटते.

काल तिच्या घरी तेच पुस्तक हाती आले. पानांना सुक्या बोंबलांचा वास होता.

“वाचलंस?” मी विचारले.

“दोनदा. ‘स्टँडवर ये’ असा तुझा निरोप आला, तशी धावले, दादा. वाटलं, तू आलास. तू न्हाय, पुस्तक उतरलं,” ती हसून म्हणाली.

“सुमे, रजा होती गं. मी घाबरलो. मला माफ कर.”