फाटकाजवळचा फोटो

भूगोलाची शिक्षिका म्हणून मी नाशिक जिल्ह्याचा नकाशा इतक्या वेळा फळ्यावर काढला, की डोळे मिटूनही त्याची सीमा मला बोटाने गिरवता आली असती. गिरणा कुठून निघते, पेठकडे पाणी पश्चिमेला का वळते, हे मी मुलींना निळ्या खडूने समजावून देत असे. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली शाल कपाटात ठेवताना मात्र माझ्या लक्षात आले, की या नकाशातली बहुतेक गावे मी पाहिलेलीच नाहीत. जी पाहिली तिथे मला कोणीतरी नेले होते. शाळेच्या सहलीला मुख्याध्यापकांनी, लग्नकार्याला दादाने. जिल्ह्याबाहेर गेले तीही सहा डिसेंबरला, कॉलनीच्या बसने. स्वतः तिकीट काढून कुठे जावे, तिथे हिंडावे आणि स्वतःच परत यावे, हे मी आयुष्यात केले नव्हते. ते मला जमेल का, एवढेच मला पाहायचे होते.

मी लग्न केले नाही. दादा आणि वहिनींच्या घरात वरच्या खोलीत राहते. स्वभाव भिडस्त, दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर बदलून मागण्यापेक्षा ती वापरून टाकणे मला सोपे वाटते. घरात चारचाकी नाही. पुतण्याची मोटारसायकल आहे, पण तिच्यावर मागे बसायची मला भीती वाटते. तेव्हा जायचे तर एसटीने. बायकांना अर्धे तिकीट आहे, डबा घरचा, सकाळी निघून संध्याकाळी परत. माझ्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनात बसणारा असा हा बेत होता. तो एका रविवारी जेवताना मी कसाबसा बोलून दाखवला.

“एकटी?” दादा म्हणाला. “सिन्नरला? तिथे आपलं कोण आहे?”

कोणी नाही म्हणूनच जायचे आहे, हे उत्तर माझ्यापाशी होते, पण ते तोंडातून निघाले नाही. माझ्या वतीने वहिनी बोलल्या.

“जाऊ द्या हो त्यांना. जन्मभर पोरींच्या हजेऱ्या घेतल्या. आता जरा उंडारू द्या.”

“उंडारायचं वय आहे का हे?”

“मग कधी उंडारायचं? चौघं खांद्यावर नेतील तेव्हा?”

पुतण्याला ठसका लागला. दादाने भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय संपला. त्या रात्री वहिनींविषयी मला जे वाटले, त्याला कृतज्ञता हा शब्द अपुरा आहे. घरात निदान एका माणसाचा माझ्यावर विश्वास होता.

निघायच्या सकाळी वहिनी फाटकापर्यंत आल्या. “थांबा ताई. पदर नीट घ्या. एक फोटो काढते, पहिल्या प्रवासाची आठवण राहील.” मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही. तरीही मी पर्स दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, आणि बहुधा हसलेही.

सिन्नरच्या बसमध्ये एक तरुण मुलगी शेजारी येऊन बसली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती कामाला होती. आज सुट्टी आहे, म्हणाली. मला गोंदेश्वराचे देऊळ पाहायचे आहे असे कळल्यावर ती आनंदाने बरोबर आली. मी एकेका शिल्पापाशी रेंगाळत होते आणि ती सावलीत बसून मोबाइल पाहत होती. मध्येच उठून तिने टपरीवरून माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला. परतीच्या गाडीला झुंबड उडाली, तेव्हा तिने खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली. “बसा मॅडम, आता थेट नाशिक,” असे सांगून ती गर्दीत दिसेनाशी झाली. रुमाल परत द्यायचा राहून गेला.

जेवताना मी हे सगळे सांगितले. एरवी ताटावर मी फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी माझे मलाच आवरेना. कोणाचे कोण, आणि तिने अख्खी दुपार माझ्यासाठी घालवली! जगात माणसे चांगली असतात, आपणच घरात बसून त्यांना वाईट ठरवतो, असे काहीतरी मोठे वाक्यही मी बोलून गेले. दादा ताटाकडे पाहत म्हणाला, “बरं झालं बाई, भेटली कोणीतरी.” पुतण्या खाली मान घालून हसत होता आणि वहिनींनी त्याला कोपराने ढोसले. माझ्या बाळबोध उत्साहाला तो हसतो आहे असे मला वाटले, आणि त्याचे हसू मला गोडच वाटले. तो रुमाल धुऊन, इस्त्री करून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. ती मुलगी पुन्हा कधी भेटली तर असावा म्हणून.

दुसऱ्या वेळी मी कळवणला गेले. गिरणा पाहायला. फाटकाजवळ पुन्हा फोटो झाला. या खेपेस मी स्वतःच थांबले. थंडीचे दिवस होते. वणीच्या पुढे कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी बराच वेळ रखडली. कळवणच्या स्टँडवर उतरून मी इकडेतिकडे पाहते आहे, तोच माझ्याच वयाच्या एक बाई समोर आल्या. हातात भाजीची पिशवी, कपाळ मोकळे, चेहऱ्यावर अघळपघळ हसू.

“जयभीम, ताई. कुठं जायाचं?”

“जयभीम,” मी म्हणाले. “नदीवर जायचं आहे.”

“नदीवं? तिथं काय हाय? वाळू नि धुनी.” आणि मग माझा चेहरा पाहून, “चला, चला. मी बी तिकडंच चालले.”

नदी खरोखरच बारीक होती. माझ्या फळ्यावरची गिरणा याहून रुंद होती. पण मी वाकून पाण्यात हात घातला आणि इतकी वर्षे जी गोष्ट केवळ सांगत आले, ती हाताला गार लागली. माझे डोळे भरून आले, तेव्हा त्या बाई शहाण्यासारख्या दुसरीकडे पाहू लागल्या. नंतर त्यांनी आग्रहाने घरी नेले, मेथीची भाजी आणि भाकरी वाढली, परत स्टँडवर आणून गाडीत बसवले आणि वाहकाला खडसावले, “मॅडम आमच्या हायेत. नीट न्या.” वाहक म्हणाला, “मावशी, मग काय डोक्यावर घेऊन नेऊ?” सगळी गाडी हसली. मीही हसले.

ते हसू वणीपर्यंत टिकले. दिंडोरीच्या अलीकडे कुठेतरी, खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव मागे पडत असताना, मला त्यांचा पहिला शब्द पुन्हा आठवला.

आमच्या लोकांत परक्या गावात कोणी आपणहून जयभीम घालत नाही. आधी गाव विचारतात. मग आडनाव, मग पाहुणे कुठले, मुलगी कुठे दिली. खात्री पटली की आवाज बदलतो, खुर्ची पुढे येते आणि मग जयभीम होतो. मी आयुष्यभर तो क्षण ओळखत आले आहे, शिक्षकांच्या खोलीतही आणि लग्नाच्या मांडवातही. त्या बाईंनी मला काहीच विचारले नव्हते. माझ्या अंगावर कसलीही खूण नव्हती. मी आडनाव सांगितले नव्हते. खरे तर ते न सांगता दिवस घालवता येतो, याचाच मला प्रवासात छुपा आनंद होता. मग त्यांना कसे कळले?

त्याच्यामागोमाग सिन्नरचा चहा आठवला. मला मधुमेह आहे हे त्या मुलीला मी कधी सांगितले?

घरी पोहोचले तेव्हा वहिनी कणीक मळत होत्या. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. भांडण मला येत नाही. मी फक्त म्हणाले, “वहिनी, कळवणला एका बाईंनी मला बघताक्षणी जयभीम घातला.”

त्यांचा हात परातीत थांबला.

“सांगितलं होतं तिला,” त्या म्हणाल्या, “ओळख दाखवू नको म्हणून! बावळट आहे ती लहानपणापासून.”

एवढे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. कळवणची ती बाई त्यांची मावसबहीण होती. सिन्नरची मुलगी त्यांच्या भाचीची मैत्रीण. फाटकाजवळचे फोटो मी कोपऱ्यावरून वळायच्या आतच त्या दोघींच्या मोबाइलवर पोहोचत होते.

“दादाला माहीत आहे?”

“त्यांच्याच जिवाला घोर. मी म्हटलं, मी बंदोबस्त करते, पण ताईंना जाऊ द्या. नाहीतर त्यांनी पाठवलं असतं का तुम्हाला?”

“मला कोणी पाठवत नव्हतं, वहिनी. मी जात होते.”

“तेच ते हो. अहो ताई, काही झालं असतं म्हणजे? लोकांनी आमच्या तोंडात शेण घातलं असतं. आणि सिन्नरहून तुम्ही किती खूश होऊन आलात! मला तर वाटलं, चला, यांना सुख मिळालं.”

त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. लबाड माणसाला निदान लबाड म्हणता येते. मी वर गेले आणि दिवा न लावता बसून राहिले. फसवणूक झाली ती प्रवासात, असे नाही. ती झाली जेवणाच्या ताटावर. मी तिथे बसून जगातल्या चांगुलपणाची साक्ष देत होते, आणि समोरच्या तिघांना त्या चांगुलपणाचा पत्ता ठाऊक होता. दादाचे ते “भेटली कोणीतरी”. पुतण्याचे ते हसू, जे मला गोड वाटले होते. दादा नको म्हणाला होता, ते त्याच्या परीने प्रामाणिक होते. “जाऊ द्या हो त्यांना” म्हणणाऱ्या वहिनींना मात्र, मी घराबाहेर उभी राहू शकेन असे एक क्षणही वाटले नव्हते.

काही दिवस आम्ही दोघी एकमेकींशी अतिशय नीट बोललो. भाजीत मीठ बरोबर आहे का, पाणी आले का. एकदा त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी कुठे, ताई?” मी म्हणाले, “आता पुरे झालं.” त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मग एका सकाळी दिवसभर वाचनालयात बसते असे सांगून मी डबा घेऊन निघाले. फाटकाजवळ फोटो झाला नाही. रिक्षाने सीबीएस स्टँडला गेले आणि पेठच्या गाडीत चढले. मी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला भीती वाटत होती, आणि ती भीती माझी, स्वतःची होती.

गाडी भरलेली होती. मधल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर बांबूच्या दुरड्यांची चवड आणि शेजारच्या जागेवर पिशवी. मला उभी पाहून त्यांनी पिशवी उचलली.

“या बाई, इथं बसा.”

मी बसले नाही. माझ्या तोंडून निघाले, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काय?”

“मला जागा द्यायला. कोणी सांगितलं?”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “कोन सांगनार? पिशवी माझी, जागा रिकामी. बसायचं तर बसा, नाय तर ऱ्हावा उभं.”

मागे कोणीतरी फिसकन हसले. मी बसले. क्षमा मागायला हवी होती, पण काय म्हणून मागायची? तुम्ही खरोखरच अनोळखी आहात हे मला ओळखता आले नाही, असे कोणाला कसे सांगावे? त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले. घाट आला, दऱ्या उघडल्या, पाणी पश्चिमेला वळते तो सारा उतार डोळ्यांसमोरून गेला, आणि आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून मुक्या बसून होतो. पेठला त्या उतरल्या. मी काही बोलायच्या आत दुरड्या सावरत बाजाराच्या दिशेने गेल्यासुद्धा.

मी पेठमध्ये हिंडले. एकदा वाट चुकले, ती विचारून घेतली. डबा एका शाळेच्या ओट्यावर बसून खाल्ला. परतीच्या गाडीला गर्दी होती, तेव्हा पर्समधला तो इस्त्रीचा रुमाल काढून मी खिडकीतून आत टाकला आणि जागा धरली. कोणी हुज्जत घातली नाही. मला जमते, हे मला कळले.

रात्री पाने वाढली होती. दादाने वरण घेतले. पुतण्या मोबाइल पाहत होता. खरा म्हणावा असा माझा पहिला प्रवास माझ्या जिभेवर होता, आणि ज्या ताटावर मी सिन्नरचा तो खोटा प्रवास इतक्या आनंदाने सांगितला होता, तेच ताट समोर होते.

“वाचनालयात गर्दी होती का हो, ताई?” वहिनींनी विचारले.

“होती थोडी,” मी म्हणाले. “ओळखीचं कोणी नव्हतं.”

आणि त्यांनी वाढलेली भाकरी घेतली.