जनरलची बढती

आमच्या जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या मराठी अभ्यास मंडळात किस्से कुणी ठरवून घडवत नाही. मी काही गंभीर बोलायला गेलो की ते आपोआप घडतात. त्यामुळे बहुतेक माझ्याच नावावर जमा आहेत.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, मुलीकडे राहतो. तीस वर्षं एकाच माणसावर काम करतोय: व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, युद्धनौकांवरच्या मरीन सैनिकांचा एक इंग्रज जनरल. मंडळाने व्याख्यान ठेवलं आणि माझी झोप उडाली. तीस वर्षं फुकट गेली, हे चारचौघांत उघड झालं तर?

तारीख मी तीनदा पुढे ढकलली. चौथ्या वेळी सुधीरचा फोन आला. हा मंडळातलाच, इथे धातूंवर संशोधन करतो.

"जय भीम, सर. जनरल वारलेत ना?"

"कधीच."

"मग त्यांना घाई नाही. आम्हाला हॉल बुक करायचाय."

धास्तीने मी सगळ्यांना मेल केली: 'माझ्या व्याख्यानातल्या अकरा चुका'.

मुलगी म्हणाली, "अहो बाबा, व्याख्यान अजून झालंय कुठे?"

सुधीर तालीम ऐकायला घरी आला. मी सांगितलं, तेव्हाच्या इंग्रज पायदळासारखा मरीनमध्ये हुद्दा विकत मिळत नसे. वरचा निवृत्त झाला किंवा मेला, की खालचा वर सरके.

"आल्झो, म्हणजे यांचं कर्तृत्व काय?"

"टिकून राहणं."

"हे नका सांगू, सर. आमच्या इन्स्टिट्यूटमधले बढतीची वाट पाहणारे रडतील."

पुढचा प्रश्न मात्र लागला. "जनरल चीनला लढले ते अफूसाठीच ना? ती भारतात पिकवणारे आपले लोक. त्यांच्यावर का नाही तीस वर्षं?"

मी बारावी चूक लिहून घेतली.

व्याख्यान चार ते सहा. पाऊण तास मी साधनांच्या मर्यादाच सांगत होतो. शेवटी सुधीरच्या सासूबाईंनी विचारलं, "अहो सर, बाळ जन्मलं का?"

सहाला हाउसमाइस्टर किल्ल्या घेऊन दारात उभा. हॉल बंद करणं त्याचं काम. माझ्या व्याख्यानात जनरल तेव्हा पन्नाशीचे होते आणि अजून कॅप्टनच. मी कागद गोळा करू लागलो.

माझी नात मीरा उठली. घरी ती मला दोन शब्दांच्या वर उत्तर देत नाही, तेही जर्मनमध्ये. हाउसमाइस्टरजवळ जाऊन ती बराच वेळ काहीतरी बोलली. त्याने पडद्यावरच्या जनरलच्या फोटोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची ओढून पहिल्या रांगेत बसला.

मीराने त्याला काय सांगितलं, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.