दोन लेकींचा व्हिसा

नानीला कुणी ‘नाही’ म्हटलं की ती आधी खाली बसायची. बँकेत, तहसील कचेरीत, एसटीच्या खिडकीपाशी, कुठेही. वाद नाही, रडणं नाही. पदर सावरून फरशीवर मांडी घालायची आणि म्हणायची, “तुमचं चालू द्या. मी हाय.” पाथर्डीतल्या माझ्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात ती अशी तीनदा बसली. तिसऱ्यांदा बसली ती माझ्याच चुकीमुळे.

चाळीस हंगाम तिने ऊस तोडला. दसरा झाला की निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. लेकींना मात्र तिने कधी फडावर नेलं नाही, नगरच्या वसतिगृहात ठेवलं. दोघी नर्स झाल्या. थोरली जर्मनीत, धाकटी लंडनला. लहानपणी दोघींना ती एकाच ताटात वाढायची. भाकरीचे दोन तुकडे सारखे झाले नाहीत, तर मोठ्यातला घास मोडून स्वतः खायची.

थोरलीचं बाळंतपण आलं तेव्हा नानीने बेत सांगितला. थोरलीकडे पाचवी करायची, मग पंधरा दिवस धाकटीकडे, सव्वा महिन्याला परत थोरलीकडे, आणि मग घरी. लंडनचा व्हिसा आधीच आला होता. जर्मनीच्या अर्जात ‘किती वेळा प्रवेश’ या रकान्यात मी ‘एकदा’वर खूण केली. म्हटलं, म्हातारी एकदा जाणार, एकदा येणार. व्हिसा तसाच आला. मधे लंडनला गेली की जर्मनीचं दार बंद.

“नानी, चूक माझी. पण मिळालाय तो घ्या,” मी म्हणालो. “थोरलीकडे जाऊन या. धाकटीचं पुढच्या वर्षी बघू.”

ती खाली बसली. “पुढचं वरीस तू घिऊन येनार हाईस व्हय? एकीच्या दारात जायचं आन् दुसरीला मोबाईलात बगायचं? न्हाई जमायचं. परत भर.”

“पासपोर्ट पुन्हा जमा करावा लागेल. वेळेत परत आला नाही, तर थोरलीकडेही जाता येणार नाही.”

“मंग न्हाई जानार. पर एकीकडंच जानार न्हाई.”

मला तिचा राग आला, खरं सांगतो. शिकलेल्या माणसाला अडाण्याचा हट्ट फार झोंबतो, त्यातून चूक आपली असली की जास्तच.

पुन्हा अर्ज भरताना मी घाबरत घाबरत कागद मोजले. ही बाई परत येईल याला पुरावा काय? जमीन दिराच्या नावावर, नोकरी नाही, नवरा वारलेला. मागच्या वेळी निभावलं, या वेळी कोण विश्वास ठेवणार? नानी म्हणाली, “चाळीस डाव भायेर गेले, चाळीस डाव परत आले. आनखी काय पायजे त्यास्नी? लिही.” मी लिहिलं. मग ती दोन दिवस ग्रामपंचायतीत बसून राहिली आणि तसा दाखला घेऊनच उठली, सहीशिक्क्यानिशी. त्याचं इंग्रजी करताना माझे डोळे भरून आले.

व्हिसा आला, हवा तसा. कशामुळे आला ते मला माहीत नाही. नानीला माहीत होतं.

परतीच्या ठरल्या दिवशी ती जीपमधून उतरली ती घरी न जाता सरळ दुकानात. पासपोर्ट उघडून शिक्क्यांवर बोट ठेवत गेली. “हितं गेले. हितं आले. परत गेले. परत आले. बग, लिवलं हुतं तसंच झालं का न्हाई?” मी स्टूल पुढे केलं, पण त्या दिवशी ती बसली नाही.

मागच्या वर्षी नानी गेली. तिच्या दाखल्याची प्रत अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आता कुणी म्हातारी परदेशाचा अर्ज भरायला आली, की त्या रकान्यापाशी माझा हात थांबतो. खूण करण्याआधी मी विचारतो, “आजी, लेकी किती?”