जीपवरून उतरलेला दहीभात

उंटाचा विषय निघाला की ती केस माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. नातवंडं समुद्रावर गेली की उंटावर बसायचा हट्ट धरतात आणि मी एकदम गप्प होतो. घरातले म्हणतात, "झालं, यांच्या डोक्यात पोलीस स्टेशन शिरलं." शिरणारच. इतकी वर्षं खाकी घातली, ती काय धोब्याकडे टाकून विसरायची?

मी कर्नाटक पोलिसांत होतो, बेळगावात इन्स्पेक्टर म्हणून. घरात मराठी, स्टेशनची लिखापढी कन्नडमध्ये आणि शिव्या दोन्ही भाषांत. ही केस माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातली. त्या वेळी आमच्या भागातल्या तरुण पोरांना एक नवं खूळ लागलं होतं. घाट उतरून कोकणात जायचं, वाळूच्या टेकड्यांवर जीप उडवायची आणि मग उंटावर बसून लाटांच्या कडेनं फिरायचं. दोन्ही मजा एकाच सुट्टीत. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यांत नोकरी करणारी चांगली शिकलेली पोरं. पगार हातात, रविवार मोकळा, मग काय!

अशीच चार मित्रांची टोळी गेली होती. त्यातला एक जबर जखमी झाला. तिकडून त्याला बेळगावच्या दवाखान्यात आणलं आणि तो इथं वारला. दवाखान्याकडून आम्हाला खबर आली, कारण मृत्यू आमच्या हद्दीत झाला होता. अशा वेळी पंचनामा आम्ही करायचा आणि कागद घटना जिथं घडली तिथल्या स्टेशनला पाठवायचे. दहातले नऊ अधिकारी एवढं करून हात झटकतात. मीही झटकले असते, कशाला खोटं बोलू?

मित्रांनी सांगितलं होतं की उंट उधळला आणि पोरगा खाली पडला. तिकडच्या पोलिसांनी उंटवाल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून त्याला आत टाकलंही होतं. राजस्थानकडचा माणूस. तिकडे त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, जामीन राहायला कुणी नाही.

शवागाराबाहेर मयताची मोठी बहीण उभी होती. बेळगावातच खासबागमध्ये राहायची, कॉलेजात शिकवायची. मूळ घर निपाणीचं. आईबापांनी तंबाखूच्या वखारीत राबून दोघांना शिकवलेलं. पोरगा इंजिनियर झाला होता. माझ्या लोकांनी तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

ती म्हणाली, "साहेब, माझा भाऊ कसा गेला ते मला खरं कळायला हवं. तो उंटवाला आत आहे म्हणे. त्यानं खरंच काही केलं असेल तर जरूर शिक्षा होऊ दे. पण त्यानं केलं नसेल आणि माझ्या भावाच्या नावावर तो तुरुंगात सडला, तर मी भावाला काय तोंड दाखवू?"

"तुम्हाला संशय कशाचा आहे?" मी विचारलं.

"संशय नाही, अनुभव आहे. वखारीत काही बिघडलं की पहिलं बोट आमच्या आईबापाकडं वळायचं. ज्याचं कुणी नाही त्याच्यावर ढकलणं लई सोपं असतं, साहेब."

एवढं बोलून ती पुन्हा मृतदेहाच्या कागदांकडे वळली. रडली नाही. मला तिचा थोडा रागही आला होता, कारण मला सुखानं जेवायला जायचं होतं आणि आता घास गोड लागणार नव्हता.

पुढे तिकडच्या स्टेशनकडून विनंती आली की तिन्ही मित्र तुमच्याकडचे आहेत, त्यांचे सविस्तर जबाब घेऊन पाठवा. मी तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. तिघांनीही एकच वाक्य म्हटलं, "उंट अचानक उधळला आणि त्याचा तोल जाऊन तो डोक्यावर पडला." पहिल्यानं म्हटलं, मी ऐकलं. दुसऱ्यानं म्हटलं, मी मान वर केली. तिसऱ्यानं तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले तेव्हा माझं डोकंच फिरलं. एका लग्नाला गेलेली तीन माणसं पंगतीतली भाजीसुद्धा वेगवेगळी सांगतात. एखादा म्हणेल वांगं होतं, एखादा म्हणेल बटाटा. खऱ्या आठवणी अशा वेड्यावाकड्याच असतात. शाळेतल्या प्रार्थनेसारखं एकसुरात येतं ते पाठ केलेलं असतं.

तिघांतल्या ज्याची जीप होती, त्या जीपवाल्याला मी विचारलं, "उंटाचं तोंड कुठं होतं? समुद्राकडं की जमिनीकडं?"

"समुद्राकडं, साहेब."

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जमिनीकडं." तिसरा चष्मेवाला होता, जरा भित्रा. तो म्हणाला, "मला आठवत न्हाय," आणि घटाघटा पाणी प्यायला.

पण यावरून कोर्टात काय सिद्ध होतं? शून्य. घाबरलो, विसरलो म्हटलं की संपलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की अशा जखमा उंचावरून पडूनही होऊ शकतात आणि जोराच्या धडकेनंही होऊ शकतात. जीप पाहिली तर लखलखीत धुतलेली. तीही संशयाची गोष्ट नव्हे, समुद्रावरून आलेली गाडी खाऱ्या पाण्यामुळे जो तो धुतोच. पुढचा लोखंडी बंपर असा दणकट की म्हशीला धडकला तरी चरा पडायचा नाही. आमचे वरिष्ठ फोनवर म्हणाले, "कागद पाठवून मोकळे व्हा. आपली हद्द नाही." बेळगावात बसून उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जातंय! मी "होय सर" म्हटलं आणि कागद टेबलावरच ठेवले. मनात एकच होतं, हे तिघं माझ्यासमोर खोटं बोलून गेलेत आणि त्यापायी तिकडे एक माणूस आत बसलाय. ते मला सहन होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनला फोन आला. बाईचा आवाज, गावाकडचा. नाव सांगायला तयार नाही.

"साहेब, उंटावरनं पडून मेलेल्या मानसासाठी जीपवरनं दहीभात कशाला उतरून टाकलाय वो?"

एवढं विचारून तिनं फोन ठेवला. ती कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिचा प्रश्न मला लगेच कळला.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नवी गाडी घेतली की आम्ही नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. अमावास्येला कोहळा फोडतो. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो. हे सगळं शुभाचं, कुणीही करतं. पण दहीभात वेगळा. गाडीखाली कुणी सापडलं, गाडीला माणसाचं रक्त लागलं, की घरातली बाई दहीभातावर गुलाल टाकून तो गाडीवरून ओवाळून उतरते आणि गावाच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवून मागं न बघता परत येते. गेलेल्या जिवानं गाडीचा आणि घराचा पिच्छा धरू नये म्हणून. माझ्या आईनंही माझ्या चुलत्याच्या ट्रकवरून एकदा उतरला होता, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जीपवाल्याचं गाव खानापूरच्या वाटेवर होतं. दुपारी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी निघालो. बाईला चौकशीसाठी स्टेशनला बोलवता येत नाही, तिच्या घरीच जावं लागतं. गावाच्या तिकटीवर आमची पोलिसांची जीप थांबवली आणि उतरून बघितलं. पत्रावळ होती, गुलाल होता, वाळलेली शितं होती. कावळ्यांनी बराच भात उडवला होता. मी फोटो काढायला लावला आणि पुढे निघालो.

घर चांगलं होतं, दारात ट्रॅक्टर आणि सावलीला ती जीप. जीपवाल्याची आई सोप्यात, पुढच्या पडवीत, शेंगा निवडत बसली होती. मी खाली बसलो.

"मावशी, जीपवरनं दहीभात कुणी उतरला?"

"कसला दहीभात? आमी काय बी केल्यालं न्हाय."

"तिकटीवरचा कावळ्यांनी अजून संपवला न्हाय. आत्ताच बघून आलो."

तिनं पदर सारखा केला. "नवी गाडी हाय, साहेब. मान्सांची नजर लागती."

"नजर लागली तर नारळ असतो, लिंबू असतो. दहीभात कधी उतरत्यात ते मला बी ठावं हाय, माझी आई बी ह्याच भागातली. तुमचा लेक म्हणतो, दोस्त उंटावरनं पडला. व्हय? मग दहीभात उंटावरनं उतरायचा, मावशी. जीपवरनं कशाला?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. आतल्या खोलीच्या दारात जीपवाला येऊन उभा राहिला होता.

"आये, तू गप बस. काय सांगू नगंस," तो म्हणाला.

त्यावर ती जी उसळली! "आता कशाला गप? तू मला काय बी सांगितलं न्हाईस, पर मी आई हाय रं तुजी. आल्यापास्नं जीपकडं तोंड करून जेवत न्हाईस तू. त्यो पोरगा हितं, ह्याच सोप्यात, माज्या हातची भाकरी खाऊन गेलता. आक्काला दोन भाकरी बांधून द्या म्हनला हुता. आन त्याला तुमी उंटावरनं पाडलासा? सांग साहेबास्नी! सांगतोस का मी सांगू?"

पोरगा चौकटीला धरून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

खरं असं होतं. वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरची हवा कमी करून हा टेकड्यांवर जीप उडवत होता. टेकडीच्या पलीकडे उंटांची वाट होती. गाड्यांनी तिकडे जायचं नाही म्हणून लाल झेंडे लावलेले होते. मित्र उंटावरून फेरी मारून उतरला होता आणि आता जीपची पाळी म्हणून टेकडीच्या दिशेनं चालत येत होता. ह्यानं जोशात माथ्यावरून गाडी घातली, झेंड्यांच्या पलीकडे. समोर काय आहे ते गाडी हवेत असताना दिसलं. आवाजानं उंट बिथरून पळाला आणि उंटवाला दोरी धरून त्याच्यामागे धावला. तो परत येईपर्यंत तिघांचं ठरून गेलं होतं. बिचारा उंटवाला पोलिसांना कळवळून सांगत होता की साहेब, तो तर उतरला होता. पण तिघांपुढे एकाचं कोण ऐकतो?

मी त्या पोरावर ओरडलो. नको ते बोललो, महिला कॉन्स्टेबलनं माझी बाही ओढली तेव्हा थांबलो. गाडीखाली माणूस येणं हा अपघात, त्याची शिक्षा ठरलेली आहे. पण आपलं पाप उचलून परक्याच्या गळ्यात बांधायचं आणि घरी येऊन झोपायचं, ह्याला मी अपघात म्हणत नाही.

अर्थात पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही आणि दहीभात तर पुरावाच नव्हे. म्हणून तिकडच्या अधिकाऱ्यांना बोलावून जीप जप्त केली. प्रयोगशाळेच्या लोकांनी बंपर खोलला. धुतलेल्या बंपरच्या आतल्या बाजूला, एका बोल्टच्या आट्यांत मयताच्या शर्टाचा धागा आणि रक्त मिळालं. चष्मेवाल्यानं स्वतःहून मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. तिकडच्या स्टेशननं कोर्टात अहवाल देऊन उंटवाल्याला सोडलं.

मी बहिणीला सगळं सांगायला खासबागला गेलो. दहीभाताचा भाग ऐकून ती कडवट हसली.

"आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखेरीज काही नाही, साहेब. हे उतारे आम्ही मानत नाही. भूत लागेल म्हणून भिणाऱ्यांना जिवंत माणूस तुरुंगात घालताना भीती वाटली नाही, हे बघा जरा."

ती चुकीचं काय बोलली? मग तिनं विचारलं, "त्या उंटवाल्याला एकदा भेटता येईल?"

त्याचा जबाब आम्हालाही हवाच होता. तो बेळगावला आला तेव्हा मी तिला स्टेशनला बोलावलं. वाळलेला, मान खाली घातलेला माणूस. मयताची बहीण म्हटल्यावर तो उठून हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं आता ही शिव्या देणार. तिनं त्याला बसायला सांगितलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मेरा भाई आपके ऊँट पे बैठा था, तब कैसा था?"

त्याला प्रश्नच कळेना. मी, तिकडचे पोलीस, वकील, सगळ्यांनी त्याला एकच विचारलं होतं, तो पोरगा मेला कसा. हे कुणी विचारलंच नव्हतं. मग तो बोलू लागला.

"बहुत हँस रहे थे, दीदी. ऊँट का नाम पूछा. फिर पूरे रास्ते उसी से बातें करते रहे। उसको बोले, तू बेलगाम आ, तुझे कुंदा खिलाऊँगा।" मग जरा संकोचून त्यानं विचारलं, "दीदी, ये कुंदा क्या होता है?"

शवागाराबाहेर जी रडली नव्हती, ती बाई माझ्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आम्ही कुणीच तिला थांबवलं नाही. माझा हेड कॉन्स्टेबल गुपचूप बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून पावशेर कुंदा घेऊन आला. तिनं डोळे पुसले, स्वतःच्या हातानं त्या माणसापुढे पुडा उघडून ठेवला आणि म्हणाली, "खाइए। उसने बुलाया था।"

माणूस कुणापुढे खोटं बोलेल आणि कुणाला भिऊन खरं वागेल, हे त्याच्या घरात शिरल्याशिवाय कळत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो आणि हाताखालच्या पोरांना शिकवलंही. पण त्याहून मोठा धडा दुसराच होता. आपल्या माणसाची शेवटची हसरी घटका ज्यानं पाहिली होती, तो एकटाच माणूस त्या बहिणीला ती परत देऊ शकत होता, आणि नेमक्या त्यालाच आम्ही पोलिसांनी कोंडून ठेवलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही आरोपीला, मग तो कितीही परका असो, आधी बसायला खुर्ची दिली आणि त्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं.