काकूवर गेलेली

सगुणाबाईचे दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले. लग्नात अक्षता पडेपर्यंत आईने तिला मान वर करू दिली नव्हती. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात तिला सगळे 'तिरळी'च म्हणत. ती कोणाकडे बघते आहे हे समोरच्याला कळत नसे, त्यामुळे ती धाकट्या जावेवर किती जळते हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. जाऊ वेणू, दहावी पास, दिसायला नीटस, नवरा जयदेव आनंदनगरच्या कारखान्यात. सगुणाबाईला तिचं सगळंच खुपायचं.

वेणूला मुलगी झाली आणि सहा महिन्यांत पोरीचे डोळे आत वळले. "काकूवर गेली," अख्खं गाव म्हणालं. वेणू रडली. सगुणाबाईला मात्र आनंद मावेना. तिचे दोन्ही मुलगे बापावर गेले होते. तिच्यावर गेलेलं जगात हे एकच माणूस. ती बारकीला कडेवरून खाली ठेवीना.

त्र्याण्णव साली मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा आत ओढणारा स्नायू सैल करायचं इंजेक्शन निघालंय. कशाचं, असं जयदेवने विचारलं, तर ते हसून म्हणाले, "विषच आहे, पण नावापुरतं." जयदेवने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. झालं! सगुणाबाईच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

"पोरीचे डोल्यान इख टोचतान, आनि तू आई हायस का कोन?" तिने वेणूला सगळ्यांदेखत सुनावलं. आव काळजीचा होता, दुखत होतं पोटात. आपल्या वेळी कोणी गावच्या वैद्यालासुद्धा विचारलं नाही, आणि हिच्या पोरीला थेट मुंबई!

वेणूने ऐकलं नाही. इंजेक्शन झालं आणि थोड्याच दिवसांत पोरीचे डोळे उलटे बाहेरच्या बाजूला वळले, एक पापणीही खाली आली. असं होतं, आपोआप उतरतं, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तरी सगुणाबाई "मी सांगितलेला!" करत गावभर हिंडली. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागायचं. लाज वाटायची, तरी लागायचं.

मग पापणी उघडली. डोळे हळूहळू मध्ये आले आणि तिथेच ठरले. "आईवर गेली," आता गाव म्हणू लागलं. सगुणाबाईने पोरीला कडेवर घेणं सोडलं.

बारकी चार वर्षांची झाली. एका दुपारी ती तांदूळ निवडणाऱ्या काकूपुढे येऊन बसली. काकू वर बघेना. तेव्हा पोरीने दोन्ही डोळे मुद्दाम नाकाशी नेले.

"काकू, बग ना! मी परत तुजी झाली. आता घे ना!"

सगुणाबाईचा हात उगारला गेला. तोवर पोरीचे डोळे घाबरून सरळ झाले होते. इतक्या सहज सरळ होतात! तिचा हात खाली आला. तिने पोरीला मांडीवर ओढलं आणि चुलीपाशी बसलेल्या वेणूला हळूच विचारलं,

"वेणू, ता इख मोठे बाईला पन टोचतान का गो?"