मागचं मी बघतो

देवाचा अनुभव सांगायचा म्हणजे आपली थोडीफार भक्ती तरी गाठीला असावी. माझ्या गाठीला तेव्हा लाजेशिवाय काही नव्हतं. त्या वर्षी मला सगळ्याचीच लाज वाटायची, आणि सर्वांत जास्त अण्णांच्या पडद्याची.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राहात्याच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. एक खोली, दोन दिवे, एक स्टूल आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर निळंशार तळं, तळ्यात हंसांची जोडी, मागे डोंगर आणि त्या डोंगरावर, का कोण जाणे, नारळाचं झाड. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले होते, तेव्हाही माणसं येऊन त्या तळ्यापुढे उभी राहायची. उभं राहिलं की जो तो मान वळवून मागे बघायचाच. अण्णांचं ठरलेलं वाक्य होतं, "मागं बघू नका. मागचं मी बघतो." लहानपणापासून ऐकून ऐकून मला त्याचा वीट आला होता.

दुष्काळ सरला आणि अण्णांनी मला नगरला छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाला घातलं. चेहऱ्यांचे फोटो मी झोपेतही काढले असते. पण निसर्गचित्रण सुरू झालं आणि माझं पितळ उघडं पडलं. कुठेही गेलो तरी माझा डोंगर बरोब्बर मधे, पाणी खाली आणि डावीकडे एक झाड. सरांनी एकदा सगळ्यांचे फोटो टेबलावर मांडले, माझा उचलला आणि म्हणाले, "हा डोंगर नाही, पडदा आहे." आमचा स्टुडिओ आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. वर्ग खो खो हसला आणि माझं नावच पडलं, पडद्या. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "दुकान आहे" म्हणून विषय बदलायचो.

भाद्रपदात सर आम्हाला भंडारदऱ्याला घेऊन गेले. मुक्काम शेंडीत होता. इथला एक तरी फोटो पटला नाही तर तुला पास करता येणार नाही, असं सरांनी मला निघतानाच बजावलं होतं. म्हणजे गाशा गुंडाळायचा आणि राहात्याला, त्याच पडद्यापुढे जाऊन उभं राहायचं. धरणाच्या कडेकडेनं मी वेड्यासारखा हिंडलो, पण जिकडे बघावं तिकडे मला अण्णांचे हंस दिसायचे. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता, कुणाला न सांगता, कळसूबाईची वाट धरली. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, तिथून तरी पडदा दिसणार नाही, असा माझा हिशेब. दर्शनाचं मनातही नव्हतं. उगाच खोटं कशाला बोलू?

बारी गाव मागे पडलं आणि चढ लागला. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं, ते इतकं की स्वतःच्या चपला दिसेनात. कड्याला ठोकलेल्या साखळदंडाला धरून वर पोचलो, तर माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आणि चहूकडे नुसतं पांढरं. फोटो कशाचा काढणार, कपाळ! वाट बघून बघून शेवटी देवळापुढे बसलो आणि रडू फुटलं. हात जोडले, पण मागितलं काय, तर एक फोटो. "एवढा एक जमू दे, आई." मागता मागताच शरमलो. जिच्या पायाशी माणसं अनवाणी चढून येतात, तिच्यापुढे मी गिऱ्हाइकासारखा येऊन बसलो होतो.

डोंगर नाही तर नाही, निदान धुक्यातलं देऊळ तरी घेऊ, म्हणून उठलो. देवाला पाठ दाखवू नये, देवळातून उलट्या पावलांनी निघावं, हे आईनं लहानपणीच अंगवळणी पाडलेलं. तसाच निघालो. वर्गाचा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत डोकावायचा होता, त्यामुळे नजर सगळी काचेत. देऊळ काचेत मावेना, म्हणून एक पाऊल मागे गेलो. कळस मावेना, आणखी एक. भक्ती आणि फोटो दोन्ही एकदम साधतायत म्हणून मी स्वतःवर खूशही झालो होतो, बघा. आणि टाच ओल्या गवतावरून सटकली. पायाखालचा दगड सुटून गेला, तो खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

तेवढ्यात दावं धरून वासरू ओढावं तसा गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा कुणीतरी समोरून हिसकला आणि मी गुडघ्यांवर आदळलो. समोर एक म्हातारी. लुगडं वर खोचलेलं, पाय अनवाणी, धापा टाकत होती.

"डोळं हायती का बटनं? मागं कडा हाय!"

 मी म्हणालो, "देवीला पाठ कशी करायची, मावशी?"

ती बघतच राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. "येडंच हाय गं बाई! आरं, आईकडं पाठ केली म्हंजी आई पाठीशी झाली न्हाई का? फिर तिकडं." खांद्याला धरून तिनं मला कड्यापासून चांगलं आत आणलं आणि वळवलं.

मी देवीकडे पाठ करून उभा राहिलो. मागे म्हातारी दिवा लावत होती. घंटा वाजली, कापराचा वास आला. समोर धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि तरी मला मागे वळून बघावंसं वाटेना. समोर काय दिसायला हवं हे न ठरवता मी आयुष्यात पहिल्यांदाच नुसता उभा होतो. मिळाला तर मिळाला, नाही तर नापास, तुझी मर्जी, असं मनात आलं आणि अंग हलकं झालं. मग धुकं एका बाजूला फाटलं. खाली धरणाचं पाणी, तेही अर्धंच. भातखाचरांचा एक हिरवा तुकडा. डोंगर कुठेतरी कडेला, अर्धवट कापलेला. मी एकदाच बटण दाबलं आणि पुन्हा सगळं मिटलं.

म्हातारीनं नागलीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. ती बारीचीच. दर मंगळवारी देवीला वर यायची. त्या दिवशी शुक्रवार होता. "गुडगं लई धरलंत माजं," ती म्हणाली. "सून नगं नगं म्हनत हुती. पर पाटंपासनं जिवाला चैन न्हवती. वर चल, वर चल, आसं आतनं कुनीतरी म्हनत हुतं. म्या म्हनलं, बाई, आज काय काम काढलंस? आता कळलं." आणि निवांत भाकरी चावू लागली.

 योगायोग म्हणणारे म्हणोत, मी वाद घालणार नाही. मला टोचत होतं ते वेगळंच. मी इथे फोटो मागत बसलो होतो, आणि माझं तोंड उघडायच्या आधीच एक दुखऱ्या गुडघ्यांची बाई माझ्यासाठी डोंगर चढायला लागली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना. उतरताना तिला आधार द्यावा म्हणून हात पुढे केला, तर साखळदंडापाशी माझेच पाय लटपटले आणि तिनंच मला धरून खाली आणलं.

रोल धुऊन फोटो निघाला, तो थोडा कलताच होता. सरांनी तो बराच वेळ हातात धरला. "कुठे उभा होतास?"

"देवीकडे पाठ करून," मी म्हणालो. वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी तो फोटो पास केला.

सुट्टीत तो दाखवायला राहात्याला गेलो. स्टुडिओत पडद्यापुढे एक नवराबायको उभे होते, बाईच्या कडेवर मूल. दुष्काळात होरपळलेले चेहरे अजून भरले नव्हते. बाईनं मान वळवून तळ्याकडे पाहिलं. अण्णांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "मागं बघू नका. मागचं मी बघतो." बाईनं समोर पाहिलं आणि तिचे आवळलेले खांदे हळूच खाली आले.

मी दारातच खिळलो. अण्णांनी विचारलं, "आत का येत नाहीस रे?" मला त्यांच्याकडे वर बघवेना. आमच्या स्टुडिओत कधी कुणी चपला काढत नसे. त्या दिवशी मी त्या उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मग आत गेलो.