उधाणाला पाठ नको

माझा मेहुणा शैलेश दुकानातून अंडी आणताना एकेक अंडं उजेडात धरून बघतो. डबा बंद असला तर विचारतो, बंद का? उघडा असला तर, उघडा का? माझी बहीण रिया याच्याशी संसार करते, तिला माझा दंडवत.

पनवेलच्या कोळीवाड्यात त्यांची होडी आहे. २०११ साली त्याच्या डोक्यात शरीरसौष्ठव स्पर्धेचं खूळ शिरलं. सत्तर किलोच्या गटात उभं राहायचं आणि बक्षीस घेऊनच स्टेजवरून उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं.

कुवेतहून परतलेले ताहेरभाई बाजारात जिम चालवायचे. बाकीच्या पोरांना त्यांनी आठवड्याचे सहा दिवस लावून दिले होते. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, मग खांदे, पाय वगैरे. शैलेशला मात्र तीनच दिवस. वर ताकीद, उधाण असेल तेव्हा पाठीचा व्यायाम करायचा नाही.

शैलेशने विचारलं, का? ताहेरभाई म्हणाले, उधाणाला तू होडीवर जाळं ओढतोस, तो व्यायाम नाही का? पाठीला आराम मिळाला तर ती भरेल.

मला पटलं. शैलेशला कसं पटणार? ताहेरभाईंचा भाचा ओवेस त्याच गटात उतरणार होता ना! शैलेश माझ्याकडे येऊन पुटपुटला, "तो मला अर्धवट ठेवतोय. भाच्याची वाट मोकळी करतोय. मी काय येडा हाय?"

मी सांगून थकलो. त्याने स्टेशनजवळच्या दुसऱ्या जिममध्ये गुपचूप नाव घातलं आणि उरलेले तीन दिवस तिथे घाम गाळू लागला. भर उधाणातसुद्धा पहाटे जाळं, संध्याकाळी वजनं. ताहेरभाईंनी सुचवलेली प्रोटीन पावडर बंद केली, त्यात काय कालवलंय कुणास ठाऊक! गाल बसले. शर्ट सैल होतोय असं रिया म्हणाली, तर म्हणे, धुताना तूच ताणलास. त्याच सुमारास ओवेसही बारीक दिसू लागला. शैलेशला त्यातही डाव दिसला.

स्पर्धेच्या सकाळी वजनं झाली. शैलेश चढला आणि काटा पासष्टच्या अलीकडेच थांबला. त्याने काटा हलवून पाहिला, पुन्हा चढला, आकडा तोच. पंचांनी त्याला खालच्या गटाच्या रांगेत पाठवलं. रांगेत पुढेच ओवेस उभा होता.

"हा इथं का?" शैलेशने विचारलं.

ताहेरभाईंचा चेहरा उतरला. "तुमची टक्कर नको म्हणून मी त्याचं वजन उतरवलं. पोराने तीन महिने भाताला हात लावला नाही. सत्तरचा गट तुझ्यासाठी मोकळा केला होता, शैलेश. तू इथे कसा?"

"मला आधी का नाय सांगितलात?"

"सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?"

मला शैलेशचा इतका राग आला होता, पण त्याचं तोंड बघून तो तिथेच विरला. बक्षीस ओवेसने नेलं. शैलेशचं नाव पुकारलंच नाही.

पुढे पुनवेचं उधाण आलं. संध्याकाळी तो ताहेरभाईंच्या जिमच्या दारात जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो.

"ताहेरभाई, आज काय करू?"

"आज घरी जा. जेव आणि झोप."

मी त्याच्या नेहमीच्या 'का?'ची वाट बघत होतो. शैलेशने मान डोलावली, चपला घातल्या आणि निघाला. घर येईपर्यंत त्याने काहीच विचारलं नाही.